घरी ऐकणाऱ्यांची ओळ

माझ्या कपाटात सर्टिफिकेटांची एक फाइल आहे. आत काय काय आहे त्याची यादी पहिल्याच पानावर चिकटवलेली आहे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बी.ए. आणि एम.ए.च्या गुणपत्रिका, नोकरीत कायम झाल्याचं पत्र, लग्नाचा दाखला. सगळ्यात खाली ‘सरांचं पान, झेरॉक्स’. मध्यंतरी माझ्या मुलीने ते पान बाहेर काढलं आणि यात काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, हजेरी आहे. ते खोटं नाही, पण तेवढ्याने तिला काही कळलं नाही. म्हणून बाकीचं इथे लिहून ठेवते.

मी एम.ए. अरबी विषयात केलं. हे सांगितलं की लोक आधी माझं आडनाव आठवतात आणि मग कारण विचारतात. कारण साधं आहे. अकरावीला दुसरी भाषा निवडायची होती. संस्कृतचा वर्ग सकाळी सातला होता. विक्रोळीत आमच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत पाणी सहा ते आठ यायचं आणि ते भरायचं काम माझ्याकडे होतं. अरबीचा वर्ग अकराला होता. मी अरबी घेतलं.

पुढे ते मला जमत गेलं. अरबीत एकेका धातूची चौदा रूपं पाठ करायला लागतात. मी ती पाणी भरताना म्हणायचे, एका कळशीला एक धातू. काही उच्चार घशाच्या तळातून काढावे लागतात. आईला वाटलं माझा घसा बसलाय. तिने आठवडाभर मला मिठाच्या गुळण्या करायला लावल्या आणि मी त्या केल्याही. शब्दकोशात शब्द सरळ सापडत नाही, त्याची तीन मुळाक्षरं काढून त्यांच्याखाली शोधावा लागतो. शोधलेला प्रत्येक शब्द मी कार्डावर लिहून ठेवायचे. वडील भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर होते. त्यांच्या सेफ्टी बुटांच्या खोक्यात ती कार्डं बरोबर मावत. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत अशी चार खोकी झाली होती.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. वसाहतीत प्रत्येक बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी दुबईला किंवा मस्कतला गेलेलं होतं. साकीनाक्याला माणसं पाठवणाऱ्या एजंटांच्या पाट्या लागल्या होत्या. अरबी म्हणजे गल्फ, असं सगळे धरून चालत. शेजारणी मिक्सरचं खोकं, औषधाची बाटली, टेपरेकॉर्डरचे कागद घेऊन यायच्या. मला अक्षरं सगळी वाचता यायची, अर्थ फारसा लागायचा नाही. मला हजार वर्षांपूर्वीचे काझी, खलिफा आणि उंट समजत होते, मिक्सरची वॉरंटी समजत नव्हती. समोरचे काका म्हणाले, मग एवढं शिकून करतेस काय. माझ्याकडे परीक्षेचं वेळापत्रक होतं, म्हणून मी पुढे शिकत राहिले.

दुसऱ्या वर्षाला जुन्या गद्याचा एक पेपर होता. तो शिकवणारे सर निवृत्त झाले होते आणि त्यांची नजर अधू झाली होती. त्यामुळे विभागाच्या परवानगीने ते हा पेपर घरी शिकवायचे, अंधेरीला, मरोळच्या बाजूला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. बुधवार आणि शनिवार, तीन ते पाच. मी घाटकोपरहून साकीनाक्यावरून जाणारी बस पकडायचे. सर रत्नागिरीकडचे मुसलमान. घरात ते आणि त्यांची बायको कोकणी वळणाचं मराठी बोलत. त्यांना मी चाची म्हणायचे. सर मला बाय म्हणायचे. सुरुवातीला वर्गात आम्ही दोघं होतो. दुसरा कुर्ल्याचा होता. दिवाळीनंतर त्याला मस्कतला नोकरी लागली आणि तो गेला. मग मी एकटी.

पुस्तक एकशेबारा पानांचं होतं, जुन्या काझींच्या गोष्टींचं. कोणी फिर्याद घेऊन आला, साक्षीदार काय बोलले, काझीने काय ठरवलं, अशा लहान लहान गोष्टी. अरबी छापताना ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. ते वाचणाऱ्याने अर्थ ओळखून स्वतः भरायचे असतात. त्यामुळे माणूस मोठ्याने वाचायला लागला की त्याला समजलंय की नाही ते लगेच उघडं पडतं. सरांचा सगळा वर्ग म्हणजे एवढंच. मी वाचायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. चूक झाली की ते खोकायचे. मी मागे जाऊन पुन्हा वाचायचे.

त्यांचे नियम दोन. पहिला, प्रत्येक धडा वर्गात येण्याआधी घरी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्याला अरबी येत नसेल तर जास्त चांगलं. ज्याला भाषा येते तो गोष्टीच्या मागे जातो. ज्याला येत नाही त्याला फक्त तू कुठे अडखळलीस तेवढंच ऐकू येतं.

दुसरा नियम शेवटच्या पानाचा. जुन्या काळी गुरूसमोर पुस्तक वाचून पूर्ण झालं की शेवटी ते कोणी कोणी ऐकलं त्यांची नावं लिहीत. कोणी सगळं ऐकलं, कोणाचं काय चुकलं, सगळं. सरांच्या गुरूंनी ती पद्धत ठेवली होती आणि सरांनीही ठेवली. त्यांच्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानांवर पंचवीसएक वर्षांच्या याद्या होत्या. एकदा त्यांनी मला त्या वाचायला दिल्या. एका विद्यार्थ्यापुढे लिहिलं होतं, ‘पान चाळीस ते त्रेचाळीस डुलक्या घेतल्या’. एकापुढे, ‘उशिरा आला, पहिली दोन पानं नाहीत’. जवळजवळ प्रत्येक वर्षी शेवटी चाचींचं नाव होतं. ‘स्वयंपाकघरातून ऐकलं, फोडणीच्या वेळचं सोडून’. मला ते फार पटलं. अशा याद्या करणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

घरी मी आईला वाचून दाखवायचे. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती ताटात तांदूळ किंवा तूरडाळ निवडायला बसायची. मी समोर बसून वाचायचे. मी अडखळले की ती डाळीचा एक दाणा ताटाबाहेर फरशीवर ठेवायची. बोलायची नाही. धडा संपला की दाणे मोजायची. आज अकरा. आज सात. आई गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेली होती. अरबीचं एक अक्षर तिला येत नव्हतं, पण तिचा दाणा आणि सरांचा खोकला बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पडायचे. मी काही दिवस ते ताडून पाहिलं होतं, म्हणून सांगते.

दाणे मोजून झाले की ती म्हणायची, “आता सांग, काय झालं.” मग मी गोष्ट मराठीत सांगायचे. हे तिने ठरवलेलं होतं. आधी ऐकायचं, मग कळायचं. मधे अर्थ सांगायला लागले तर ती हात वर करायची.

आई ऐकते हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग त्यांचं नावही येईल. वर्गात बसणाऱ्यांची एक ओळ असते, घरी ऐकणाऱ्यांची दुसरी करू. पण पुस्तक पूर्ण झालं तरच. अर्ध्या पुस्तकाची नोंद करत नाहीत.

मी घरी येऊन हे सांगितलं. आईने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, “माझं नाव? त्या लिपीत?”

मी म्हटलं, हो.

“चुकून एखादं पान राहिलं तर तेही लिहितील?”

मी म्हटलं, तेही लिहितील.

त्यानंतर तिने एकही पान सोडलं नाही. जानेवारीत मावशीच्या मुलीचं गावाला लग्न होतं. आईला चार दिवस जावंच लागलं. जाण्याआधी तिने मला बजावलं की मी येईपर्यंत पुढे जायचं नाही. त्या शनिवारी मला ताप आल्याचं सरांना सांगून मी धडा बुडवला. सरांशी मी बोललेलं ते एकच खोटं.

आईचं नाव आणखी कुठे कुठे लिहिलेलं होतं याची यादी मी नंतर केली. रेशनकार्ड, मतदारयादी, माझ्या आणि भावाच्या जन्मदाखल्यावर, भिशीची वही, पितळेचे तीन डबे. आणि त्या फेब्रुवारीत हॉस्पिटलचा केसपेपर.

तिच्या पायांवर सूज होती ती कितीतरी दिवस होती. ती म्हणायची उभं राहून येते. मग एके दिवशी चेहऱ्यावर आली. डॉक्टरांनी मूत्रपिंडांचं नाव घेतलं आणि घाटकोपरला दाखल करायला सांगितलं. ती नऊ दिवस तिथे होती. भाऊ त्या वेळी नाशिकला शिकत होता. वडील रात्रपाळी करून सकाळी यायचे, मी बाकीचा वेळ. भेटायची वेळ चार ते सहा. त्या वेळात, वर्गाच्या दिवशी शेवटचा अर्धा तास, मी पुस्तक काढून तिच्या कानाशी हळू आवाजात वाचायचे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, कसली पोथी. आई म्हणाली, कॉलेजची. डाळ नव्हती म्हणून ती चादरीवर बोट उचलायची. शनिवारी वर्ग एक पान पुढे गेला होता, ते अठ्ठ्याण्णवावं पान मी रविवारी वाचलं. तिने दोनदा बोट उचललं. गोष्ट तिने विचारली नाही, तिला झोप येत होती. मी ठरवलं, उद्या सांगू.

सोमवारी सकाळी, वडील पाळीवरून यायच्या आधी, ती गेली. मी तिथे होते. नर्सने घड्याळ बघून वेळ लिहिली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लोक विचारतात तेव्हा माझ्याकडे सांगायला कामंच असतात. भावाला तार केली. वडिलांच्या कारखान्यात निरोप पाठवला. तिची साडी काढली, हिरवी. केसपेपर परत केला, त्याची पावती घेतली. घरी आल्यावर दूधवाल्याला सांगितलं की उद्यापासून अर्धा लिटर कमी. मला रडू आलं नाही. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि रडून मोकळी हो म्हणत होत्या. मी हो म्हणत होते. आतून सगळं दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं झालं होतं. गाल आहे हे माहीत असतं, हात लावला तर हाताला लागतो, पण गालाला काही कळत नाही.

भांडुपहून काकी आली आणि तिने घर हातात घेतलं. काकी म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, आईची धाकटी जाऊ. दोघींचं लग्न झाल्यापासून कधी जमलं, कधी जमलं नाही. काकी बोलायला फटकळ. बाहेरच्या खोलीत जिथे आईला ठेवलं होतं तिथे तिने दिवा लावला आणि तेराव्यापर्यंत घरातल्या कोणी कुठे जायचं नाही म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी कॅलेंडर घेऊन बसले. पुस्तकाची चौदा पानं राहिली होती. सर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी कायमचे गावी जाणार होते. त्यांचा मुलगा न्यायला येणार होता. बुधवारचा वर्ग बुडालाच होता. उरले शनिवार, बुधवार, शनिवार, बुधवार. म्हणजे सहावा, दहावा, तेरावा आणि सतरावा दिवस. चार, तीन, चार, तीन अशी पानं घेतली तर चौदा होत होती. एकही वर्ग सोडला तर होत नव्हती. पुस्तक अर्धं राहिलं तर नोंद नाही, माझीही नाही आणि आईचीही नाही. मला तेव्हा दुसरं काहीच वाटत नव्हतं. पण हे एक व्हायला पाहिजे एवढं स्वच्छ दिसत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी शनिवारची चार पानं घेऊन बसले. घरी वाचून जायचा नियम होता. ऐकायला कोणी नव्हतं. मी दिव्याजवळ भिंतीला टेकून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. गोष्ट एका गाढवाची होती. दोन माणसं एकच गाढव आपलं म्हणून भांडत काझीकडे येतात. मी जेमतेम अर्धं पान वाचलं असेल, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या तीन बायका भेटायला आल्या. मला वाटलं थांबावं, पण मधे थांबलं की पुन्हा पहिल्यापासून वाचायचं असा माझाच नियम होता, म्हणून थांबले नाही. बायकांनी दिवा पाहिला, मला पाहिलं, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडून बसल्या. गाढवाचे दात मोजण्याचा जो भाग आहे तिथे एकीने डोळे पुसले. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी घरी काय वाचते हे तिला माहीत होतं. आईने तिला दाण्यांसकट सगळं सांगितलेलं होतं. ती हात पुसत बायकांच्या मागे येऊन बसली आणि तिनेही हात जोडले.

त्या गेल्यावर काकीने दार लावलं.

“पोथी नव्हती ना ती?”

मी म्हटलं, नाही. उद्याचा धडा.

“उद्या जाणारेस?”

मी हो म्हटलं.

“सुतकात मुसलमानाच्या घरी जाऊन शिकणार. लोक काय म्हणतील ते जाऊ दे, त्या माणसाला तरी सांगितलंस का घरात काय झालंय?”

मी सांगितलेलं नव्हतं. सांगणारही नव्हते. सरांनी ऐकलं असतं तर पुस्तक मिटलं असतं आणि मला परत पाठवलं असतं. काकीने वडिलांना हाक मारली. वडील गॅलरीत स्टुलावर बसले होते. त्या आठवड्यात ते तिथेच असायचे. त्यांनी मान न वळवता सांगितलं की जाऊ दे तिला. काकीने कपाळाला हात लावला आणि आत गेली.

मी शनिवारी गेले. सरांनी बुधवारी का आली नाहीस म्हणून विचारलं, मी घरी अडचण होती म्हणाले. ते पुढे विचारणारे नव्हते. चार पानं झाली. दहाव्याला पुरुष विधी करून दुपारी परत आले, मी त्यांना जेवायला वाढलं आणि दोनच्या बसला निघाले. त्या दिवशी काकी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तेराव्याला पन्नास माणसं जेवली. मी मधेच उठून हात धुतले, साडी बदलली आणि गेले. हाताला वड्यांच्या तेलाचा वास येत होता. चाचींनी विचारलं, घरी काही कार्य होतं का. मी हो म्हटलं.

प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत वाचायचे आणि काकी येऊन बसायची. कधी लसूण सोलायची, कधी नुसती बसायची. दाणे ठेवत नव्हती. गोष्ट विचारत नव्हती आणि मी सांगत नव्हते. चौदाव्या दिवशी तिला भांडुपला परत जायचं होतं. पण तिने आईच्या गोधड्या धुवायला काढल्या आणि त्या वाळेपर्यंत राहते म्हणाली. फेब्रुवारीचं ऊन होतं, गोधड्या एका दिवसात वाळतात. ती बुधवारपर्यंत राहिली. मंगळवारी मी शेवटची तीन पानं वाचली तेव्हाही ती बसली होती.

बुधवारी सरांच्या घरात ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. चटईच्या कडेने पुस्तकांचे गठ्ठे होते. मी तीन पानं वाचली. सर दोनदा खोकले. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, चाचींना चहा टाकायला सांगितलं आणि आपली प्रत पुढे ओढून मागचं कोरं पान काढलं. ते भिंगातून बघत लिहायचे. तारीख लिहिली, जागा लिहिली, माझं नाव लिहिलं. ‘सगळं वाचलं.’ कुर्ल्याच्या मुलाचं नाव लिहिलं. ‘पान एक्केचाळीसपर्यंत.’ चाचींचं लिहिलं. मग विचारलं, “आता घरची ओळ. आईनं सगळं ऐकलं ना?”

बसमध्ये मी याचा विचार केला होता. ‘सगळं ऐकलं’ एवढं म्हटलं की काम होणार होतं. तपासायला कोणी येणार नव्हतं. आईला पूर्ण ओळ मिळाली असती. तिला एकही पान राहिलेलं नको होतं, हेही मला माहीत होतं. पण समोर पंचवीस वर्षांची पानं उघडी होती आणि त्यांत डुलक्यासुद्धा लिहिलेल्या होत्या.

मी म्हणाले, “नाही. अठ्ठ्याण्णवपर्यंत. पुढची चौदा नाही.”

“का?”

“आई वारली. सोळा दिवस झाले.”

सरांनी पेन खाली ठेवलं. आत चाचींच्या हातातली भांडी थांबली. सर म्हणाले, “तू चार वेळा इथं येऊन वाचून गेलीस. मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही वर्ग बंद केला असतात.”

“हां,” ते म्हणाले. “केला असता.”

ते रागावले की नाही मला कळलं नाही. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, पेनाकडे बघत होते. त्यांनी ते उचललं आणि आईचं पूर्ण नाव विचारलं. मी हळूहळू सांगितलं, कारण अरबीत आपली काही अक्षरंच नाहीत, त्यांना जवळची शोधावी लागली. लिहिता लिहिता ते थांबले आणि म्हणाले, आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावापुढे दुआचे दोन शब्द लिहितात. तुमच्या घरी चालेल का? मी म्हटलं, यादीची जी पद्धत असेल तसं लिहा. त्यांनी ते शब्द लिहिले. मग, ‘पान अठ्ठ्याण्णवपर्यंत, एकही न सोडता’.

“आणि राहिलेली चौदा? ती घरी न वाचता आलीस?”

“वाचली. काकीसमोर.”

“त्यांनी ऐकली?”

“सगळी.”

“मग नाव सांग.”

अशी ती ओळ पुरी झाली. चाचींनी चहा आणला, माझ्या हातात दिला, आणि कप संपेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिल्या.  सरांनी प्रत मला तासाभरासाठी दिली. मी स्टेशनाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्या एका पानाची नक्कल काढली आणि परत येऊन पुस्तक ट्रंकेत ठेवलं. शुक्रवारी ते गावी गेले. एप्रिलमध्ये माझी परीक्षा झाली, चांगली गेली. जूनमध्ये मला एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली. तिथे अरबीचा काही संबंध नव्हता.

त्या बुधवारी मी घरी आले तेव्हा काकी पिशवी भरून निघायच्या तयारीत होती. गोधड्या घड्या घालून रचल्या होत्या. मी झेरॉक्सचा कागद तिच्यापुढे धरला. झेरॉक्स तेव्हा ओलसर, करड्या यायच्या. तिने कागद उलटसुलट करून पाहिला.

“तिचं कुठंय?”

मी बोट ठेवलं.

“आणि हे खालचं?”

“हे तुझं.”

काकी कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं ती रागावणार, विचारल्याशिवाय नाव का दिलंस म्हणून. ती म्हणाली, “थोरली वर, धाकटी खाली. बरोबर लिहिलंय.”

मग तिने पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत न बसता फरशीवरच बसली, रोज बसायची त्या जागी.

“गाढवाचं काय झालं गं?”

मी तिच्याकडे पाहिलं. तिला गाढव कुठून कळलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, आई गेली त्याच्या आदल्या शनिवारी ती हॉस्पिटलात भेटायला आली होती. तेव्हा आई तिला म्हणाली होती की पुढे एक गाढवाची गोष्ट येणार आहे, पोरीने नाव सांगितलंय, गोष्ट नाही सांगितली. त्यावरून काकीने ओळखलं होतं, त्या दिवशी बायका हात जोडून बसल्या तेव्हा तीच चालली असणार. मग इतके दिवस विचारलं का नाहीस, असं मी म्हणाले. ती म्हणाली, तूच सांगत नव्हतीस.

मी समोर बसले. अठ्ठ्याण्णव पानांनंतर मी कोणाला गोष्ट सांगितली नव्हती. सुरुवात कुठून करायची ते आठवायला वेळ लागला. सांगितलं की दोन माणसं असतात, एक गाढव असतं. काझी गाढवाचे दात मोजायला लावतो, त्याचा काही उपयोग होत नाही. एक साक्षीदार येतो. तो म्हणतो, मी हे गाढव रोज विहिरीवर पाणी पिताना पाहिलंय. काझी विचारतो, पाणी कोणी काढलं? तो म्हणतो, तेवढं पाहिलं नाही. काझी म्हणतो, मग तुझी साक्ष पाण्यापर्यंतच धरतो. आणि मालक ठरेपर्यंत गाढव कचेरीच्या दाराशी बांधायला सांगतो.

“मग?”

“मग मालक ठरतच नाही. दोघंही म्हातारे होऊन मरतात. काझी बदलतो. गाढव तिथेच.”

“खायला कोण घालतं त्याला?”

पुस्तकात ते नव्हतं. मी तसं सांगितलं. काकी म्हणाली, येणारे-जाणारे घालत असतील. कागद माझ्या हातात परत देऊन ती उठली, आणि मी तिला बसस्टॉपपर्यंत पोचवायला चपला घातल्या.